डिस्कस अबाउट, मॅरीड विथ, सिन्स टू इयर्स: इंग्रजी शब्दापुढच्या प्रिपोझिशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीत लिहिलेला मजकूर तपासून देणं हे माझं काम. लिहिणारे बहुतेक मराठीत विचार करणारे. त्यांचा शब्दसंग्रह दांडगा असतो, काळाचीही फारशी गडबड नसते. माझं पेन थांबतं ते ऑन, इन, ॲट, टू, ऑफ या चिमुकल्या शब्दांपाशी. दुरुस्त करून पाठवलेल्या मजकुरावर जे प्रश्न परत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रम असा काही नाही. पहिला प्रश्न मात्र टाळू नका, पुढची बरीचशी उत्तरं त्याच्याच आधाराने उभी आहेत.

'वर' म्हणजे 'ऑन', 'मध्ये' म्हणजे 'इन', 'पासून' म्हणजे 'फ्रॉम'. एवढं पाठ असूनही चुका का होतात?

पुस्तक टेबलावर आहे तोवर हे सगळं चालतं. वस्तू कुठे आहे हे सांगायचं असेल तर 'वर' आणि 'ऑन' यांचं बऱ्यापैकी जमतं. पण राग काही टेबलावर ठेवलेला नसतो. मराठीत आपण एखाद्यावर रागावतो, त्याच्याशी भांडतो, त्याला घाबरतो, त्याचा द्वेष करतो आणि त्याच्यावर प्रेमही करतो. माणूस एकच, आणि त्याला वर, शी, ला, चा असे चार वेगवेगळे जोड. का? कुणालाच धड सांगता येणार नाही. तरीही 'मी त्याचा रागावलो' असं तीन वर्षांचं मूलसुद्धा म्हणत नाही. 'रागावणे' आलं की 'वर' आलाच, एवढंच त्याला ठाऊक असतं.

इंग्रजीतही हाच प्रकार आहे. 'अँग्री'ला 'विथ', 'फाइट'ला 'विथ', 'अफ्रेड'ला 'ऑफ'. 'हेट' आणि 'लव्ह' यांना काहीच नाही. आपली चूक होते ती 'वर'चं भाषांतर करायला गेल्यामुळे. भाषांतर 'रागावणे'चं करायचं. 'वर' मराठीतच सोडून द्यायचा.

म्हणून प्रिपोझिशनकडे टक लावून बघण्यात अर्थ नाही. त्याच्या आधीच्या शब्दाकडे बघा. वहीत 'डिपेंड' असा शब्द लिहूच नका, 'डिपेंड ऑन' असा लिहा. 'कॅपेबल' नको, 'कॅपेबल ऑफ'. 'इन्सिस्ट ऑन', 'कन्सिस्ट ऑफ', 'रिस्पॉन्सिबल फॉर', 'इंटरेस्टेड इन'. शेपटासकट पाठ केलेला शब्द वाक्यातही शेपटासकटच येतो.

'डिस्कस अबाउट' चूक कसं? आम्ही वर्षानुवर्षं असंच ऐकत आलो आहोत.

ऐकायला मिळतं खरं, पण 'बद्दल'चा अर्थ 'डिस्कस'च्या पोटातच आहे. 'वी डिस्कस्ड द प्लॅन', बस्स. कुणाशी चर्चा केली तेही सांगायचं असेल तर 'विथ' येईल: 'वी डिस्कस्ड द प्लॅन विथ हर.' मराठीत योजनेवर किंवा योजनेबद्दल चर्चा करावी लागते, ते 'बद्दल' आपण न विचारता सोबत घेऊन जातो.

अशी थेट कर्म घेणारी क्रियापदं बरीच आहेत आणि आपल्याला नेमकी तीच नडतात. रीच, एंटर, मॅरी, रिझेंबल, कॉन्टॅक्ट, अप्रोच, ॲन्सर, अटॅक, व्हिजिट, अकंपनी, लॅक, एम्फसाइज, ऑर्डर, रिक्वेस्ट. 'वी रीच्ड द स्टेशन' म्हणायचं, 'रीच्ड टू द स्टेशन' नाही. 'शी रिझेंबल्स हर मदर', 'रिझेंबल्स टू' किंवा 'विथ' नाही. 'ही एम्फसाइज्ड द पॉइंट', 'ऑन' नको.

खरा गोंधळ पुढे आहे. याच शब्दांची नामं झाली की प्रिपोझिशन परत येतं. 'वी डिस्कस्ड द प्लॅन', पण 'अ डिस्कशन अबाउट द प्लॅन'. 'ही एम्फसाइज्ड द पॉइंट', पण 'अ‍ॅन एम्फसिस ऑन द पॉइंट'. 'दे रिक्वेस्टेड हेल्प', पण 'अ रिक्वेस्ट फॉर हेल्प'. 'आय व्हिजिटेड द म्युझियम', पण 'अ व्हिजिट टू द म्युझियम'. 'दे अटॅक्ड द फोर्ट', पण 'अ‍ॅन अटॅक ऑन द फोर्ट'. 'ही लॅक्स पेशन्स', पण 'अ लॅक ऑफ पेशन्स'. नामाबरोबर ऐकलेलं प्रिपोझिशन आपण क्रियापदाला चिकटवतो आणि मग 'आय रिक्वेस्टेड फॉर हेल्प' तयार होतं.

हे विचित्र वाटत असेल तर 'तिने पुस्तक वाचलं' आणि 'पुस्तकाचं वाचन' ही जोडी बघा. 'वाचणे' या क्रियापदाला पुस्तक थेट घेता येतं. 'वाचन' हे नाम झालं की मधे 'चं' लागतो. 'पुस्तक वाचन झालं' असं आपण बोलताना उरकतो, ते सोडा. क्रियापदाला कर्म पेलतं, नामाला दुवा लागतो. दोन्ही भाषांची खोड इथे एकच आहे.

अपवाद विचाराल तर आहेत आणि त्यांत अर्थ बदलतो. खोलीत शिरलं तर 'एंटर द रूम', करार केला तर 'एंटर इंटू अ‍ॅन अ‍ॅग्रीमेंट'. ठिकाणी पोचलं तर 'रीच', वस्तू घ्यायला हात लांबवला तर 'रीच फॉर'. 'दे सर्च्ड द रूम' म्हणजे खोलीची झडती घेतली. 'दे सर्च्ड फॉर द रूम' म्हणजे खोलीच सापडत नव्हती.

'ने'साठी 'बाय' वापरायचं की 'विथ'?

'मुलाने दगडाने काच फोडली.' एका वाक्यात दोन 'ने', आणि आपला काही घोळ होत नाही. इंग्रजी मात्र दोघांना वेगळं ठेवते: 'द विंडो वॉज ब्रोकन बाय द बॉय विथ अ स्टोन.' करणारा असेल तर 'बाय', हातातलं साधन असेल तर 'विथ'. 'रिटन बाय अ पेन' असं लिहिलं तर पेनाने स्वतःच बसून पत्र लिहिलं असं चित्र उभं राहतं.

एवढ्यावर 'ने' थांबला असता तर बरं झालं असतं. तो वाहनालाही लागतो: 'ट्रेनने' म्हणजे 'बाय ट्रेन'. पण 'माय' किंवा 'द' मधे आलं की 'बाय' जातं: 'इन माय कार', 'ऑन द बस'. पायी गेलं तर 'ऑन फुट'. तो कारणालाही लागतो. थंडीने कुडकुडणं म्हणजे 'शिव्हरिंग विथ कोल्ड', कुतूहलाने विचारणं म्हणजे 'आउट ऑफ क्युरिऑसिटी', चुकून झालेलं 'बाय मिस्टेक'. आजाराने किंवा भुकेने मृत्यू झाला तर 'डाय ऑफ'. जखमांनी झाला तर बहुधा 'डाय फ्रॉम'. 'डाइड बाय कॅन्सर' अशा जोडणीपासून दूर राहा; 'ऑफ' लक्षात ठेवलंत तर बहुतेक वेळा भागतं.

वस्तू कशापासून बनली, तो 'पासून'ही इथेच उरकते. खुर्ची लाकडाची असते आणि लाकूड दिसतं, म्हणून 'मेड ऑफ वुड'. कागदही लाकडापासून होतो, पण कागदात लाकूड शोधून सापडत नाही, म्हणून 'मेड फ्रॉम वुड'. मराठीतही खुर्ची 'लाकडाची' आणि कागद 'लाकडापासून' असंच आपल्या तोंडी येतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

'आय विल सेंड इट टिल मंडे' यावर तुम्ही लाल रेघ का मारली?

कारण 'पर्यंत'ने तुम्हाला फसवलं. 'सोमवारपर्यंत पाठव' आणि 'सोमवारपर्यंत थांब' या दोन वाक्यांत 'पर्यंत' एकच आहे, पण काम वेगळं आहे. पाठवणं एका क्षणात होतं. ते सोमवारच्या आत कधीही झालं तरी चालेल. थांबणं सोमवार उजाडेपर्यंत चालूच राहतं. पहिल्याला 'बाय', दुसऱ्याला 'टिल' किंवा 'अंटिल'. 'सेंड इट बाय मंडे', 'वेट अंटिल मंडे'.

पडताळा सोपा आहे. वाक्यात 'च्या आत' बसतंय का बघा. 'सोमवारच्या आत पाठव' बसतं, म्हणून 'बाय'. 'सोमवारच्या आत थांब' बसत नाही, म्हणून 'अंटिल'. नकारात मात्र सावध राहा: 'आय वोन्ट फिनिश इट अंटिल मंडे' म्हणजे सोमवार येईतो काम संपणार नाही, आणि 'आय वोन्ट फिनिश इट बाय मंडे' म्हणजे सोमवारची मुदत मला गाठता येणार नाही. जागेसाठी 'पर्यंत' आला तर यातलं काहीच नको, 'अ‍ॅज फार अ‍ॅज द ब्रिज' किंवा नुसतं 'टू द ब्रिज' म्हणा.

'सिन्स टू इयर्स' की 'फॉर टू इयर्स'?

'फॉर.' 'सिन्स'ला घड्याळातला किंवा कॅलेंडरमधला एक ठरलेला बिंदू लागतो: 'सिन्स 2019', 'सिन्स मॉर्निंग', 'सिन्स शी लेफ्ट'. 'फॉर'ला मोजता येणारी लांबी लागते: 'फॉर टू इयर्स', 'फॉर अ लाँग टाइम'. मराठीत सकाळपासून आणि दोन वर्षांपासून दोन्हीकडे 'पासून' असतो, म्हणून हा गोंधळ.

याच्या पाठीला पाठ लावून दुसरी चूक येते. आपण 'मी दोन वर्षांपासून काम करतोय' असं चालू वर्तमानात म्हणतो, म्हणून 'आय अ‍ॅम वर्किंग'. इंग्रजीला तिथे 'आय हॅव बीन वर्किंग फॉर टू इयर्स' हवं. नुसतं 'सिन्स' काढून 'फॉर' घातलं तर दुरुस्ती अर्धीच राहते.

'गुड इन मॅथ्स' बरोबर का?

'गुड अ‍ॅट मॅथ्स' लिहा. बॅड, ब्रिलियंट, क्लेव्हर, होपलेस या सगळ्यांना 'अ‍ॅट' चालतं. 'गुड विथ' म्हणजे हाताळण्यात चांगला, जसं 'गुड विथ चिल्ड्रन'. 'गुड फॉर' म्हणजे हितकारक. 'गुड टू' म्हणजे एखाद्याशी चांगलं वागणारा. 'वीक'ला मात्र 'इन' बिनधास्त लावा.

'अँग्री ऑन मी' का चालत नाही? 'विथ' म्हणजे तर 'सोबत' ना?

आज सोबत, पण जुन्या इंग्रजीत 'विथ'चा मुख्य अर्थ 'विरुद्ध' असा होता. 'विथस्टँड' या शब्दात तो अजून जिवंत आहे: विरोधात उभं राहणं, टिकाव धरणं. 'फाइट विथ' आणि 'अँग्री विथ' यांत त्याचीच छटा आहे असं समजा, म्हणजे खटकणार नाही. आपण भावाशी भांडतो आणि भावाशी बोलतोही, 'शी' दोन्हीकडे तोच, तसंच काहीसं. माणसाबद्दल 'अँग्री विथ' किंवा 'अँग्री अ‍ॅट', गोष्टीबद्दल 'अँग्री अबाउट'. 'ऑन' कुठेच नाही.

'मॅरीड विथ' नेहमीच चूक?

जोडीदार सांगताना चूक. 'शी इज मॅरीड टू अ डॉक्टर.' क्रियापद असेल तर काहीच नको: 'शी मॅरीड अ डॉक्टर.' 'एंगेज्ड'लाही 'टू'च.

पण 'नेहमीच' म्हणण्याआधी माझी फजिती ऐका. कामाच्या सुरुवातीच्या दिवसांत एका परिचयपुस्तिकेत प्रत्येक पानावर 'मॅरीड विथ' दिसलं. मी शहाणपणाने फाइंड अँड रिप्लेस चालवलं, सगळीकडे 'मॅरीड टू' करून मोकळी झाले. त्यात एक वाक्य होतं, 'ही इज मॅरीड विथ टू चिल्ड्रन.' विवाहित आहे आणि दोन मुलं आहेत, अगदी शुद्ध वाक्य. माझ्या कृपेने त्या बिचाऱ्याचं दोन मुलांशी लग्न लागलं आणि तसंच छापून आलं. तेव्हापासून प्रिपोझिशनला मी एकगठ्ठा हात लावत नाही.

'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' की 'टू मीटिंग यू'? 'टू'नंतर तर मूळ क्रियापद येतं ना?

'टू' दोन आहेत आणि दोघांचा चेहरा एकच, ही अडचण. 'आय वॉन्ट टू मीट यू' मधला 'टू' क्रियापदाचा भाग आहे. 'लुक फॉरवर्ड टू' मधला 'टू' प्रिपोझिशन आहे, आणि प्रिपोझिशनपुढे नाम येतं किंवा नामाचं काम करणारं 'इंग'वालं रूप. म्हणून 'टू मीटिंग यू'.

ओळखायचं कसं? 'टू'च्या पुढे क्रियापद काढून 'इट' ठेवून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' शोभतं, तेव्हा 'इंग' लावा. 'आय वॉन्ट टू इट' वेडंवाकडं होतं, तेव्हा मूळ क्रियापद. 'ऑब्जेक्ट टू इट' शोभतं, म्हणून 'ऑब्जेक्ट टू वेटिंग'. 'कमिटेड टू', 'अडिक्टेड टू', 'अकस्टम्ड टू' यांचंही तसंच.

'यूज्ड टू' दोन्ही घरचा पाहुणा आहे. 'आय यूज्ड टू वॉक' म्हणजे पूर्वी चालत असे. 'आय अ‍ॅम यूज्ड टू वॉकिंग' म्हणजे चालायची सवय आहे. मधलं 'अ‍ॅम' दिसलं की 'इंग' शोधा.

'सीनियर दॅन मी' का नाही? तुलना आहे, मग 'दॅन' हवं.

सीनियर, जुनियर, सुपिरियर, इन्फिरियर, प्रायर ही लॅटिनमधून आलेली मुळातच तुलनादर्शक रूपं आहेत. 'सीनियर'चा लॅटिनमधला अर्थच 'अधिक वयाचा'. ही मंडळी 'दॅन' न घेता 'टू' घेतात: 'शी इज सीनियर टू मी.' 'मोअर सीनियर दॅन' अशी रचना वापरात आहे, पण परीक्षेच्या पेपरात ती लिहून नशीब आजमावू नका. 'प्रिफर'लाही 'टू': 'आय प्रिफर वॉकिंग टू ड्रायव्हिंग.'

लॅटिनचा विषय निघालाच आहे तर एक खूण. 'को', 'कॉम', 'कॉन' यांनी सुरू होणाऱ्या शब्दांत 'सह' असतो आणि त्यांच्यापुढे पुष्कळदा 'विथ' येतं: कम्प्लाय विथ, कोलॅबोरेट विथ, कोइन्साइड विथ. 'ए' आणि 'एक्स' यांत 'बाहेर' असतं, पुढे 'फ्रॉम' येतं: इमर्ज फ्रॉम, एक्झेम्प्ट फ्रॉम, एक्स्क्लूड फ्रॉम. 'अ‍ॅड'मध्ये 'कडे' असतं, पुढे 'टू': अ‍ॅडहिअर टू, अडिक्टेड टू. खूणच आहे, नियम नाही. 'कन्सिस्ट ऑफ' लगेच तोंडावर आपटवतो.

'डिपेंड' तर याहून मजेशीर. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'खाली लोंबणे', पेंड्युलम आणि पेंडंट त्याच्याच नात्यातले. लोंबायचं ते कशापासून तरी, त्यामुळे 'फ्रॉम' अपेक्षित होतं, पण इंग्रजीत 'ऑन' रुळलं. आणि आपलं 'अवलंबून' बघा: त्यातही संस्कृतमधला 'लंब्' म्हणजे लोंबणेच आहे, आणि आपणही त्याला 'वर' लावतो. 'वर'ला 'ऑन' हे समीकरण इथे अगदी चपखल बसतं आणि मग माणूस ते सगळीकडे लावत सुटतो.

'एक्स्प्लेन मी' मध्ये काय कमी आहे?

'टू'. 'गिव्ह मी', 'टेल मी', 'शो मी' चालतं म्हणून 'एक्स्प्लेन मी' चालेल असं वाटतं. एक्स्प्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, से यांना ऐकणारा माणूस थेट घेता येत नाही. आधी गोष्ट, मग 'टू' लावून माणूस: 'एक्स्प्लेन द मेथड टू मी.' 'सजेस्ट मी अ बुक' हे त्यातलं सगळ्यात जास्त दिसणारं. 'सजेस्ट अ बुक टू मी' किंवा सरळ 'रेकमेंड अ बुक' म्हणा.

'अ‍ॅग्री'ला विथ, टू की ऑन?

माणसाशी किंवा त्याच्या मताशी 'विथ', समोर आलेल्या प्रस्तावाला 'टू', मिळून ठरवलेल्या गोष्टीवर 'ऑन'. 'आय अ‍ॅग्री विथ यू, सो आय अ‍ॅग्रीड टू द प्लॅन, अँड वी अ‍ॅग्रीड ऑन अ डेट.'

अ‍ॅट, इन, ऑन यांचा एकदा सोक्षमोक्ष लावा ना.

यावर शाळेपासून इतकं घोकून घेतलेलं असतं की थोडक्यात आटपते. वेळेचा बिंदू 'अ‍ॅट', दिवस आणि तारीख 'ऑन', महिना, वर्ष, शतक 'इन'. 'इन द मॉर्निंग', पण 'ऑन मंडे मॉर्निंग', आणि 'अ‍ॅट नाइट'. लास्ट, नेक्स्ट, धिस, एव्हरी आले की प्रिपोझिशन गळून पडतं: 'लास्ट मंडे', 'ऑन लास्ट मंडे' नाही. 'ऑन टाइम' म्हणजे ठरल्या वेळी, 'इन टाइम' म्हणजे वेळ निघून जायच्या आत. 'अराइव्ह' ठिकाणाला 'अ‍ॅट', शहराला किंवा देशाला 'इन' घेतं. 'अराइव्ह टू' कधीच नाही.

एका पुस्तकात 'डिफरंट टू', दुसऱ्यात 'डिफरंट दॅन'. खरं कोणतं?

'डिफरंट फ्रॉम' लिहा, ते कुठेही खपतं. 'टू' ब्रिटिशांकडे ऐकू येतं, 'दॅन' अमेरिकनांकडे. असे फरक आणखीही आहेत. ब्रिटिश 'अ‍ॅट द वीकएंड' आणि 'इन अ टीम' म्हणतात, अमेरिकन 'ऑन द वीकएंड' आणि 'ऑन अ टीम'. ब्रिटिश माणूस 'राइट टू मी' म्हणतो तिथे अमेरिकन 'राइट मी' म्हणून मोकळा होतो. यातलं काहीच चूक नाही. एका मजकुरात एकच वळण ठेवा म्हणजे झालं.

वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन आलेलं चालतं का?

चालतं. 'हू आर यू टॉकिंग टू?' हे वाक्य सुधारून 'टू हूम आर यू टॉकिंग?' केलं तर बोलणारा शेरवानी घालून भाजी आणायला निघाल्यासारखा वाटतो. हा आक्षेप जुना आहे. कवी जॉन ड्रायडनने 1672 साली बेन जॉन्सनच्या लेखनात ही खोट काढली, आणि पुढे स्वतःचं जुनं लेखन 1684 साली पुन्हा छापताना त्यातलीही अशी वाक्यं बदलली. मराठीत अव्यय शब्दामागे चिकटलेलं असल्यामुळे ते एकटं मागे राहण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणूनच आपण ते विसरतो: 'द चेअर आय सॅट' लिहितो आणि 'ऑन' राहून जातं. शेवटी प्रिपोझिशन येण्यापेक्षा ते न येणं ही आपली खरी चूक.

एवढ्याशा शब्दाने काय बिघडतं? वाचणाऱ्याला कळतंच की.

बऱ्याचदा कळतं, हे मान्य. 'गुड इन मॅथ्स' लिहिल्याने आभाळ कोसळत नाही. पण 'शी थ्रू द बॉल टू मी' म्हणजे मी झेलावा म्हणून टाकला, आणि 'अ‍ॅट मी' म्हणजे मला लागावा म्हणून मारला. 'शाउट टू' म्हणजे लांबून हाक, 'शाउट अ‍ॅट' म्हणजे खेकसणं. आपल्याकडे 'तो माझ्याकडे बघून हसला' आणि 'तो मला हसला' यांत जेवढं अंतर आहे, तेवढंच.

दुसरं, चुका एकेकट्या येत नाहीत. हा एका ईमेलचा नमुना बघा, रोज दिसतो तसा: 'आय अ‍ॅम वर्किंग इन धिस टीम सिन्स टू इयर्स. आय वॉन्ट टू डिस्कस विथ यू अबाउट माय ट्रान्स्फर. आय रिक्वेस्टेड फॉर इट ऑन लास्ट मंडे, बट आय अ‍ॅम स्टिल वेटिंग युवर रिप्लाय. प्लीज एक्स्प्लेन मी द प्रोसिजर. आय लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.'

पाच वाक्यं, 'अ‍ॅम वर्किंग'मधली काळाची चूक सोडून सात ठेचा, आणि सातही मराठीतून सरळ उचललेल्या. सुधारून असं होतं: 'आय हॅव बीन वर्किंग इन धिस टीम फॉर टू इयर्स. आय वॉन्ट टू डिस्कस माय ट्रान्स्फर विथ यू. आय रिक्वेस्टेड इट लास्ट मंडे, बट आय अ‍ॅम स्टिल वेटिंग फॉर युवर रिप्लाय. प्लीज एक्स्प्लेन द प्रोसिजर टू मी. आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.' तीन ठिकाणी प्रिपोझिशन काढून टाकलं: अबाउट, फॉर आणि ऑन. दोन ठिकाणी नव्याने घातलं: 'वेटिंग'नंतर 'फॉर' आणि 'मी'च्या आधी 'टू'. बदललं ते एकदाच, 'सिन्स'चं 'फॉर'. 'हिअर'चं 'हिअरिंग' झालं, पण 'टू' जागचा हलला नाही. 'कोणतं लावू?' याच्या आधी 'लावू का?' हा प्रश्न येतो, तो असा.

शब्दकोशात हे कुठे सापडतं?

'ऑन'च्या नोंदीत जाऊ नका, तिथे अर्थांचा ढीग असतो आणि हाती काही लागत नाही. 'इन्सिस्ट' किंवा 'फॉन्ड' अशा आधीच्या शब्दाची नोंद उघडा. शिकणाऱ्यांसाठी केलेल्या इंग्रजी-इंग्रजी कोशांत सोबतचं प्रिपोझिशन ठळक छापलेलं असतं आणि खाली उदाहरणाचं वाक्य असतं. ते वाक्यच वहीत उतरवा. शब्द नाम म्हणून आणि क्रियापद म्हणून असा दोनदा दिला असेल तर दोन्ही नोंदी बघा. 'डिमांड'ला नाम असताना 'फॉर' दिसेल, क्रियापद असताना काहीच दिसणार नाही.

दोन शब्द 'अँड'ने जोडताना दोघांची प्रिपोझिशन वेगळी असतील तर दोन्ही लिहावी लागतात. 'शी इज इंटरेस्टेड अँड गुड अ‍ॅट म्युझिक' मध्ये 'इंटरेस्टेड' उघडा पडला. 'शी इज इंटरेस्टेड इन अँड गुड अ‍ॅट म्युझिक' हे शुद्ध आहे, फक्त कानाला अडखळतं. मी अशा वेळी वाक्यच मोडते: 'शी इज इंटरेस्टेड इन म्युझिक अँड गुड अ‍ॅट इट.'